डोक्याचा फोटो

नगरकडे एक्स-रेपासून एमआरआयपर्यंत सगळ्याला एकच शब्द चालतो: फोटो. छातीचा फोटो, मणक्याचा फोटो. ‘डोक्याचा फोटो’ म्हणताना मात्र बोलणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो.

पाथर्डी-जामखेडच्या पट्ट्यातली एक बाई डोळ्यांसमोर आणा. वय पस्तीस-चाळीस. दसरा-दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी, उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परतणारी. गेले सहा महिने तिला पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागतच नाही. डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात. भाकरी थापता थापता हात थांबतो आणि आपण इथं कशाला बसलो आहोत, तेच तिला आठवत नाही. गावातल्या डॉक्टरचं सलाईन झालं, ताकदीची इंजेक्शनं झाली, तालुक्याला रक्त-लघवी तपासून झाली, मधल्या काळात कुणीतरी देवऋषीकडेही नेऊन आणलं. शेवटी उसनवारी करून नगरला डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, “नॉर्मल आहे.”

हे दोन शब्द दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत त्यांचा अर्थ बदललेला असतो. ‘फोटोत काही निघालं नाही’चं ‘हिला काही झालेलंच नाही’ होतं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडतो. सासू म्हणते, “मी म्हणतच होते.” आणि त्या दिवसापासून तिची प्रत्येक तक्रार कपाटावर ठेवलेल्या त्या मोठ्या पाकिटाशी ताडून पाहिली जाते. आधी ती नुसती आजारी होती. आता खोटीही ठरली.

ही बाई कुणी एक नाही. तिच्यासारख्या बाया, आणि पुरुषही, जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरने पाहिलेले असतात. तिच्या डोक्याचा फोटो खरा होता, रिपोर्टही बरोबर होता. मग चुकलं कुठं, हे समजून घ्यायचं तर त्या यंत्रापाशी जायला हवं.

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. साधारण दवाखान्यात त्याची ताकद दीड टेस्ला असते. पृथ्वीचं जे चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवतं, त्याच्या तीस हजार पटींच्या घरात. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक स्वतः एक इवलंसं चुंबक असतं. बोगद्यासारख्या त्या नळीत माणूस झोपला की अशा असंख्य इवल्या चुंबकांचा कल त्या मोठ्या चुंबकाच्या दिशेने वळतो. मग रेडिओलहरींचा एक धक्का देऊन त्यांना हलवायचं, आणि पूर्ववत होताना ती जो क्षीण संदेश सोडतात तो टिपायचा. चरबीतला हायड्रोजन वेगळ्या वेगाने पूर्ववत होतो, मेंदूच्या करड्या भागातला वेगळ्या वेगाने, गाठीतला आणखी वेगळ्या. त्या फरकातून चित्र उभं राहतं. क्ष-किरणांचा इथे संबंध नाही. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या मार्गाने पहिलं चित्र प्रसिद्ध केलं. त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

हे चित्र गाठ दाखवतं, रक्तस्राव दाखवतं, मेंदूत शिरलेल्या कृमीचं कवच दाखवतं, झिजत चाललेला भाग दाखवतं. कपाळामागच्या भागात हळूहळू वाढणारी गाठ कधीकधी केवळ उदासपणा आणि निरिच्छता होऊनच प्रकट होते. अशी गाठ सापडली तर माणूस वाचतो. म्हणून डॉक्टरांनी तो फोटो काढायला सांगितला यात काही गैर नव्हतं. फक्त त्या फोटोला विचारलेला प्रश्न ‘गाठ आहे का?’ हा होता. घरच्यांनी ऐकलेलं उत्तर ‘दुखणं आहे का?’ या प्रश्नाचं होतं.

मग मनाचं दुखणं दिसेल असा फोटो आहे का? गेल्या पन्नास वर्षांत मेंदूशास्त्रातली केवढीतरी हुशारी आणि केवढातरी पैसा याच प्रश्नामागे लागला आहे.

पहिला मोठा धक्का १९७६ मध्ये बसला. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं सीटी स्कॅनचं यंत्र तेव्हा अगदी नवं होतं. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचं पहिलं चित्र निघालं होतं. इव्ह जॉन्स्टन आणि टिम क्रो यांच्या गटाने लंडनजवळ, दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या स्किझोफ्रेनियाच्या १७ रुग्णांचे मेंदू या यंत्राने पाहिले. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. निरोगी माणसांपेक्षा या रुग्णांमध्ये त्या मोठ्या निघाल्या. आईच्या थंड वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते तो हा काळ. कित्येक आयांनी तो आरोप पोटात घेऊन आयुष्य काढलं. त्या १७ चित्रांनी त्यांच्या डोक्यावरचं ओझं हलकं करायला सुरुवात केली. मेंदूच्या चित्रांनी आजवर केलेल्या कामांत मी हे काम सर्वांत वर ठेवतो.

पुढचं पाऊल चालत्या मेंदूचं. जिथे चेतापेशी जास्त काम करतात तिथे प्राणवायूने भरलेलं रक्त धावून येतं, आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्ताचं चुंबकीय वागणं वेगळं असतं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी हा फरक एमआरआयमध्ये पकडता येतो हे दाखवलं आणि ‘फंक्शनल एमआरआय’ जन्माला आलं. काळ्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके पेटलेली वर्तमानपत्रांतली चित्रं ती हीच. पण ते ठिपके म्हणजे विचार नव्हेत. ते रक्ताचे ठिपके आहेत, तेही पाच-सहा सेकंद उशिरा भरात येणारे, आणि एकेका बारीक चौकोनात काही लाख चेतापेशी मावलेल्या. नगरच्या किल्ल्यावर उभं राहून दूरच्या वस्त्यांवरचे दिवे पाहावेत तसं. कुठल्या घरात उजेड आहे ते कळेल. घरात बारसं आहे की कुणी गेलंय, ते तिथून कसं कळणार?

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या तरुण संशोधकाने एक विलक्षण गोष्ट पाहिली. यंत्रात माणूस नुसता पडून आहे, हात हलवत नाही, काही वाचत नाही. तरीही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे, हात हलवणारे दोन्ही भाग एकाच लयीत मंद वरखाली होत होते. तोवर या चढउतारांना सगळे ‘आवाज’, म्हणजे गाळून टाकायची खरखर समजत. बिस्वाल यांनी ती खरखर गाळली नाही, मोजली. पुढे २००१ मध्ये मार्कस रेकल यांनी, माणूस काहीच करत नसताना जास्त सक्रिय असणारं मेंदूतलं एक जाळं वर्णन केलं. मन बाहेरच्या कामातून सुटून स्वतःकडे वळतं, गेलेलं उगाळतं, येणाऱ्याची धास्ती घेतं, तेव्हा हे जाळं चालतं. नैराश्यातल्या माणसाच्या विचारांचं रवंथ थांबत नाही. त्या रवंथाचा या जाळ्याशी काय संबंध आहे, यावर आज जगभर अभ्यास चालू आहे. पहाटे तीनला जागी झालेली आपली बाई अंधारात छताकडे बघत पडते तेव्हा तिच्या मेंदूत काय चाललंय, याच्या सर्वांत जवळ जाणारा धागा मला हाच वाटतो.

आता अडचणीची बाजू.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांच्या भावना दाखवणारी छायाचित्रं ‘दाखवली’ आणि तेव्हाच्या ढिल्या संख्याशास्त्राने विश्लेषण केलं. मेलेल्या माशाच्या मेंदूत ठिपका पेटला. हजारो चौकोनांची एकदम तुलना केली की काही चौकोन निव्वळ योगायोगाने पेटतात, हे सांगण्यासाठी तो प्रयोग होता. २०२० मध्ये याहून गंभीर गोष्ट पुढे आली. एकाच प्रयोगाची तीच माहिती ७० वेगवेगळ्या संशोधन-गटांना दिली, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. २०२२ मध्ये स्कॉट मॅरेक आणि सहकाऱ्यांनी ५०,००० च्या आसपास माणसांच्या स्कॅनवरून दाखवलं की मेंदूची रचना आणि मनाचे गुणधर्म यांचा भरवशाचा संबंध शोधायचा तर हजारो माणसं लागतात. तोवर अशा अभ्यासांत सर्वसाधारणपणे २५ च्या आसपास माणसं असत.

नैराश्याबद्दल मोठ्या संख्येने काय सांगितलं? ‘एनिग्मा’ या जागतिक गटाने नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं यांच्या मेंदूंची तुलना केली. आठवणींशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांमध्ये सरासरीने किंचित लहान निघाला. किती किंचित? एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा शंभर जोड्या डोळे मिटून उचलल्या, तर साधारण ५४ जोड्यांत निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पस मोठा निघेल आणि ४६ जोड्यांत रुग्णाचा. हा फरक खरा आहे, शास्त्राच्या दृष्टीने मोलाचाही आहे. पण त्यावरून समोर बसलेल्या एका बाईला नैराश्य आहे की नाही हे सांगणं म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. हजारोंचं चित्र एकीला लावता येत नाही. म्हणून आजही कुठलंही मोठं रुग्णालय, कितीही महागड्या यंत्राने, केवळ फोटोवरून नैराश्याचं निदान करत नाही. तसं करून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नयेत.

मेंदूच्या चित्राची भुरळ किती धोक्याची ठरू शकते हे आपल्याकडे पुण्याने पाहिलं आहे. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली, तेव्हा पुराव्यांत मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत केलेली मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी होती. डोक्याला तारा लावलेल्या आरोपीला गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूत त्याची ‘अनुभवलेली आठवण’ उमटते का ते पाहायचं, अशी ती पद्धत. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांना याचा धक्का बसला, कारण घडलेलं आठवणं आणि ऐकलेलं किंवा कल्पिलेलं आठवणं यांतली रेषा इतकी स्वच्छ आहे असं कुणीच सिद्ध केलेलं नव्हतं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, माणसाच्या संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या करता येणार नाहीत असा निकाल दिला. न्यायालय असो वा घरची ओसरी, यंत्रातून आलेल्या कागदाचा दरारा सारखाच असतो.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग ही चित्रं काढायचीच कशाला? याचं उत्तर हेलन मेबर्ग यांच्या कामात आहे. मनाचे आजार आणि मेंदूची चित्रं यांच्या नात्यावर ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्यात या न्यूरॉलॉजिस्ट बाईंचं काम मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

१९९९ मध्ये मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना आपल्या आयुष्यातली एखादी दुःखाची आठवण मनात आणायला सांगितली आणि तेव्हाच त्यांच्या मेंदूचं चित्र पीईटी यंत्राने घेतलं. कपाळामागे, मेंदूच्या मधल्या भिंतीवर अगदी खाली एक छोटी जागा आहे. मेंदूच्या नकाशात तिचा क्रमांक २५. दुःख दाटून आलं की ती जागा तापत होती आणि विचार करणारा वरचा भाग शांत होत होता. मग त्यांनी नैराश्यातून बऱ्या होणाऱ्या रुग्णांची चित्रं पाहिली. तिथे नेमकं उलटं घडलं होतं: २५ क्रमांकाची जागा निवत होती आणि वरचा भाग पुन्हा जागा होत होता. वेगवेगळ्या उपचारांनी सुधारलेल्या रुग्णांची चित्रं तपासतानाही मेबर्ग पुन्हा पुन्हा याच जागेपाशी येऊन पोचत होत्या.

टोरांटोत त्यांनी मेंदूचे शल्यविशारद आंद्रेस लोझानो यांच्याबरोबर एक धाडस केलं, त्याचे निकाल २००५ मध्ये छापले गेले. औषधं, समुपदेशन, विजेचे झटके, कशानेच न सुधारलेल्या सहा रुग्णांच्या मेंदूत त्या जागेजवळ बारीक तारा बसवून मंद विद्युतप्रवाह सोडला. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्ण जागे होते. प्रवाह सुरू होताच काहींना एकदम हलकं वाटलं, खोली उजळल्यासारखी वाटली. सहांपैकी चौघांमध्ये सहा महिन्यांनी ठळक सुधारणा टिकून होती. जगभर बातम्या झाल्या.

मग मोठी चाचणी झाली. ९० रुग्ण, काहींना खरा प्रवाह, काहींना नुसत्या तारा. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक दिसेना. चाचणी थांबवावी लागली आणि २०१७ मध्ये ते निकाल जसेच्या तसे छापले गेले. तरीही दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये चांगली सुधारणा होती. म्हणजे उपचार फसला होता, की तो मोजायचा काळच चुकला होता? मेबर्ग यांनी हा प्रश्न सोडला नाही. २०२३ मध्ये त्यांच्या गटाने दहा रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या तारांमधूनच संदेश उलट ऐकले. रुग्ण बरा होत जातो तसा त्या संदेशाचा साचा बदलतो हे त्यांना दिसलं, आणि एका रुग्णाचा आजार उलटायच्या आधी तो साचाही बिघडलेला सापडला.

त्यांचं आणखी एक काम मला या शस्त्रक्रियेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. २०१३ मध्ये त्यांनी विचारलं की उपचार सुरू करण्याआधीच्या चित्रावरून, या माणसाला गोळी लागू पडेल की बोलण्याचा उपचार, हे कळेल का? मेंदूच्या इन्सुला नावाच्या घडीतली हालचाल कमी असलेल्यांना समुपदेशन जास्त मानवलं, जास्त असलेल्यांना औषध. हे अजून दवाखान्यात वापरण्याइतकं पक्कं झालेलं नाही. पण प्रश्न कसा बदलला बघा. ‘आजार आहे का?’ हे चित्राला विचारायचंच नाही. ते माणसाला विचारायचं. चित्राला विचारायचं ते ‘वाट कुठली?’ एवढंच.

आता जामखेडला परत येऊ. कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा एक धडा याच तालुक्यात नोंदला गेला आहे.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत जात होती. आरोळ्यांनी गावोगावच्या बायांना, त्यातही दलित, गरीब, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. या ग्रामआरोग्यसेविका बाळंतपणं करू लागल्या, जुलाबाने सुकलेल्या पोरांना साखर-मिठाचं पाणी पाजू लागल्या, आणि जिथे कुणी त्यांना ओट्यावर बसू देत नव्हतं तिथे त्यांचा शब्द चालू लागला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले.

२००७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या संशोधक मिशेल कर्मोड आणि प्रकल्पातली मंडळी यांनी या भागात एक पाहणी केली. २४० गावकरी आणि ६० आरोग्यसेविका. त्यांना दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्या. एकीत नैराश्याची लक्षणं होती, दुसरीत भ्रम-भासांच्या आजाराची. आजाराचं नाव सांगितलं नाही. मग विचारलं, याला काय झालंय, कशामुळे झालं असेल, कोण मदत करेल?

शहरात बसून कुणीही पैज लावली असती की लोक म्हणणार, करणी, बाहेरची बाधा, देवाचा कोप. फारसं कुणी तसं म्हणालं नाही. पण ‘मेंदूत बिघाड’ असंही फारसं कुणी म्हणालं नाही. लोकांनी सर्वांत जास्त बोट ठेवलं ते परिस्थितीवर: पैशाची ओढाताण, काम नसणं, घरातली स्थिती. कुणाला हा आजार लवकर होतो, याचंही उत्तर त्यांनी दिलं: बायांना, गरिबांना, बेकारांना.

हे उत्तर मला फार वेळ सोडत नव्हतं. आपली पहाटे तीनला जागी होणारी बाई या लोकांना विचारली असती तर त्यांनी तिच्या डोक्यात काय आहे हे सांगितलं नसतं. तिच्या उचलीचा हिशेब, नवऱ्याची दारू, दुसऱ्यांदा झालेली मुलगी, हे सांगितलं असतं. आणि ते खोटं नसतं.

पण ‘परिस्थिती’ हे निम्मं उत्तर झालं. परिस्थिती कवटीच्या आत शिरते आणि तिथे घर करते. कशी, ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तपासलं जात आहे. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. तिथल्या प्रयोगांत उंदराच्या तान्ह्या पिलांना जन्मानंतरचे पहिले दोनेक आठवडे रोज काही तास आईपासून दूर ठेवतात. एवढंच. मार नाही, उपासमार नाही. ती पिलं मोठी झाली, धडधाकट झाली, तरी त्यांची भीती जास्त राहते. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिन हे रसायन झेलणाऱ्या रिसेप्टरचं वागणं बदललेलं सापडतं. बालपणीचा तो ताण पेशींमध्ये, जनुकांच्या चालू-बंद होण्यात नोंदला गेलेला असतो. एमआरआयच्या एका चौकोनात काही लाख पेशी, आणि ही नोंद एकेका पेशीच्या पृष्ठभागावर. कुठल्याही स्कॅन सेंटरच्या फोटोत ती दिसायची नाही. ‘नॉर्मल’ रिपोर्टच्या आत एवढं सगळं मावतं.

म्हणजे जामखेडचे गावकरीही बरोबर होते आणि मेंदूचे संशोधकही. दोघांच्या मध्ये सापडली ती आपली बाई, जिच्या घरच्यांना गावकऱ्यांचं शहाणपण नको होतं, कारण फोटो त्यापेक्षा मोठा वाटला.

अमेरिकेतली राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था टॉम इन्सेल यांनी २००२ पासून तेरा वर्षं सांभाळली. मेंदूशास्त्र आणि जनुकशास्त्रावर अब्जावधी डॉलर खर्च करणारा हा माणूस. नंतर त्यांनीच उघड कबूल केलं की या संशोधनाने आत्महत्यांचं किंवा रुग्णांच्या हालांचं प्रमाण खाली आलं नाही. २०२२ च्या पुस्तकात ते तीन गोष्टींवर येऊन थांबले: माणसं, राहायला जागा, आणि जगायला कारण. एवढ्या मोठ्या पदावरून आलेल्या माणसाने हे लिहिणं सोपं नव्हतं, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. नगर जिल्ह्यात या तीन गोष्टी हाताने करणारी माणसं होती आणि आहेत. १९३६ मध्ये मेहेरबाबांनी राहुरीला वेड्या मानलेल्या माणसांसाठी आश्रम काढला होता आणि तिथल्या लोकांना ते स्वतः अंघोळ घालत. कोण खरा वेडा आणि कोण ईश्वरभक्तीत हरवलेला ‘मस्त’, हे ते त्यांच्यात बसून पारखत. त्या पारखीशी सगळे सहमत होतील असं नाही. आज शिंगवे नाईक गावात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण बायांना घर देतात. अशा बाईच्या उपचारात पहिला दिवस फोटोचा नसतो. तो पाण्याचा, कपड्याचा, पोटभर जेवणाचा असतो.

बोलण्याने होतं, हे सिद्ध करायलाही आता आकडे आहेत, तेही आपल्याच भागातले. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. २०१७ मध्ये छापलेल्या निकालात अशा रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते. ज्यांना फक्त नेहमीचा उपचार मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथे नैराश्याच्या रुग्णांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. यंत्र नवं आलं नव्हतं. दारात येऊन विचारणारं कुणीतरी आलं होतं.

विचारायचं काय, हेही ठरलेलं आहे. जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे, मराठीतही वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का, झोप कशी आहे, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहा मिनिटांचं काम. आपल्या बाईला हे कुणी विचारलं असतं तर पाकीट उघडायच्या आतच आजाराचा अंदाज आला असता.

नववा प्रश्न अवघड आहे: मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का? नव्याने शिकणाऱ्या आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, इथे अडखळतात. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घातला जाईल, अशी भीती त्यांना वाटते. अभ्यास उलटं सांगतात. विचारल्याने धोका वाढत नाही, बऱ्याचदा माणसाला मोकळं वाटतं. म्हणून तो प्रश्न गाळायचा नाही. सासू, नवरा, पोरं बाहेर जातील असं बघायचं, आवाज नेहमीचाच ठेवायचा आणि विचारून झाल्यावर गप्प राहायचं. उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलायचं नाही. ‘हो’ आलं तर त्या रात्री तिला एकटं ठेवायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर तिच्याच शेजारी बसून फोन लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं.